उरलेला एक

कलाभवनातून एक फॉर्म मिळालाय.
स्वतःला वगळून बाकीच्या तिघांत
शंभर गुण वाटायचे.
अपूर्णांक चालणार नाहीत.
खाली सही, तारीख, आणि ‘निष्पक्ष’ असा एक शब्द,
ज्यावरून झेरॉक्सची काळी रेघ गेली आहे.

पेन्सिलने मी आधीच वाटून टाकले होते:
तस्नीमला पन्नास, ध्वनितला चाळीस,
जेरिनला दहा, तेही
पट्टा पहिल्यांदा फिरला तेव्हा पेढे त्याने आणले म्हणून.

यंत्र साधं होतं. कागदावर.
पट्ट्यावरून पेरू यावा, कॅमेऱ्याने रंग बघावा,
यांत्रिक हाताने पिकला इकडे, कच्चा तिकडे करावा.
पेरू खंडेराव मार्केटातून मी आणायचे.
ध्वनित त्यांना जामफळ म्हणायचा, जेरिन पेरक्का,
तस्नीमच्या प्रोग्रॅममध्ये ते नुसते एक आणि शून्य,
आणि चाचणी संपली की तिखटमीठ लावून
आम्ही सगळे मिळून पुरावा खायचो.

ध्वनितच्या वडिलांचं मकरपुऱ्यात लेथ आहे.
पुलीचं भोक केसभर मोठं झालं
तर तो डबा न उघडता घरी न्यायचा.
तस्नीम कोड लिहिताना कोणाशी बोलत नसे,
कोड चालला नाही की सगळ्यांशी बोलत असे.
माझ्याकडे अहवाल, बिलं आणि भांडणं.
जेरिन तीन आठवडे आलाच नाही.
फोन उचलायचा, ‘येतो’ म्हणायचा.

उत्तरायण झालं, लॅबच्या खिडकीत कुणाचातरी
कापलेला मांजा अडकून होता,
त्या आठवड्यात यंत्राचा हात थरथरू लागला.
पट्टा सुरू केला, की तापातल्या माणसाने
पेला धरावा तसा.
पिकला, कच्चा, सगळं एकाच टोपलीत.
ध्वनित म्हणाला, कोड. तस्नीम म्हणाली, ब्रॅकेट.
मी म्हणाले, जेरिन.
जो समोर नाही त्याच्या नावावर चूक
फार नीट बसते,
हातोडी लागत नाही.

आठ वाजता कुलूप घेऊन शनाभाई आले.
पस्तीस वर्षं ते लॅब उघडतात, बंद करतात,
आणि मधल्या वेळात बघत असतात.
कमरेत वाकून त्यांनी पाहिलं. विचारलं,
‘ग्राउंड भेगुं कर्युं?’
मोटारीची बॅटरी वेगळी, बोर्डाची वेगळी,
म्हणजे दोघांचं शून्य वेगळं.
एक म्हणे मोजायला इथून सुरुवात, दुसरी म्हणे तिथून,
आणि मधे तो हात, कोणाचं ऐकू या पेचात.
वीतभर काळी वायर लागली.
हात थांबला. इतका,
की बंद तर पडला नाही ना म्हणून
तस्नीमने बोट लावून पाहिलं.

त्या रात्री अहवालात चिकटवायला
जेरिनची पहिली आकृती काढली. सप्टेंबरातली.
घडी मोडलेलीसुद्धा नव्हती.
त्यात ती वायर होती.
तिच्याभोवती दोनदा गोल.

परीक्षेच्या दिवशी तो आला, दाढी वाढलेली.
आधी यंत्राकडे बघितलं, मग आमच्याकडे.
कुठे होतास, असं कोणी विचारलं नाही.
काळी वायर त्याने अंगठ्याने जरा दाबली
आणि मागे जाऊन उभा राहिला.
बावीसपैकी एकोणीस पेरू बरोबर गेले.

तर खोडरबर.
तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
बेरीज नव्याण्णव.
तो एक कोणालाही दिला
तरी दोघांवर अन्याय होतो, एकाच गुणाचा, पण होतो.
आणि शनाभाईंच्या नावाला फॉर्मात रकाना नाही.
मी तसाच दिला.

काल ऑफिसातून परत आला:
बेरीज चुकली आहे, उद्या पाचपर्यंत दुरुस्त करा.

साडेचार झालेत. पेनाचं टोपण टेबलावर.
दारात किल्ल्या वाजतात. शनाभाई विचारतात,
लॅब अजून थोडा वेळ उघडी ठेवू का.